नाट्यमहोत्सवाला जोडून कलाकारांसाठी कार्यशाळा: इंदूर, चार दिवस. आराखडा तपासून द्याल का?

रामबागी

नमस्कार मंडळी. इंदुरात हिवाळ्यात चार दिवसांचा नाट्यमहोत्सव ठरतोय. रवींद्र नाट्यगृह, रोज संध्याकाळी साडेसातला एक प्रयोग. संघ चार: दोन इंदूरचे, एक ग्वाल्हेरचा, एक बडोद्याचा. समितीचं म्हणणं असं की नुसते प्रयोग लावून भागत नाही. संघांतल्या आणि देवास, उज्जैन, महूकडच्या कलाकारांच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. नवख्यांचं अभिनय शिबिर नकोय, ती उन्हाळ्यात पुष्कळ होतात. पाच-दहा वर्षं रंगमंचावर किंवा विंगेत घालवलेल्यांसाठी हवंय.

हाताशी आहे ते असं: या कामासाठी वेगळे काढलेले दीड लाख, नाट्यगृहाजवळच्या शाळेचा ३० बाय ३० फुटांचा हॉल (गुळगुळीत फरशी), आणि आत्ताच आलेली साठेक नावं.

कच्चा आराखडा: सकाळी ९ ते १ व्याख्यानं, दुपारी २ ते ५ अभिनय, प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाशी गप्पा, शेवटी प्रमाणपत्र. मार्गदर्शक मुंबई-पुण्याहून. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

तिसरी घंटा

पहिली चूक वेळापत्रकात आहे. ज्या संघाचा त्या दिवशी प्रयोग, त्याला तुम्ही कार्यशाळेत बसवूच शकत नाही. नेपथ्य उभं करायला तीन-चार तास, फोकसिंगला (दिव्यांचे झोत जागेवर रोखायला) दोन, तांत्रिक तालमीला दोन. सकाळी आठला टेम्पो दाराशी लागला तरी चार-पाच वाजेपर्यंत रंगमंच मोकळा होत नाही, आणि मग रंगभूषा. तेव्हा प्रत्येक संघाला प्रयोगाचा दिवस माफ आणि उरलेले तीन दिवस हजेरी सक्तीची, असं ठेवा. म्हणजे बाहेरगावच्या संघांना चारही दिवस मुक्काम द्यावा लागेल. तो खर्च या दीड लाखात बसणार नाही, महोत्सवाच्या मुख्य खात्यातून काढा. ग्वाल्हेरची मंडळी प्रयोग आटोपून रात्रीच गाडीत बसणार असतील तर कार्यशाळा कोणासाठी घेताय?

सकाळचे नऊ विसरा. प्रयोग दहाला सुटला की लोक सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) जाणार, बाराच्या आत कोणी आडवं होत नाही. साडेदहा ते दीड असं एकच सत्र, मधे वीस मिनिटं चहा. दुपार दिलेल्या कामाला मोकळी ठेवा. जेवणानंतर तीन तास अभिनय म्हणजे डुलक्यांचा अभिनय.

साठ जण घेऊ नका. चोवीस, बारा-बाराच्या दोन तुकड्या: एक तंत्राची, एक निर्मिती-व्यवस्थापनाची, आणि दोन दिवसांनी अदलाबदल. देहबोलीचं सत्र ठेवलंत तर माणशी निदान ४५ चौरस फूट लागतात. तुमच्या ९०० चौरस फुटांत वीस जण, चोवीस नाहीत. आणि त्या फरशीवर सतरंजी अंथरू नका, ती माणसासकट सरकते. रबरी मॅट भाड्याने मिळते, नाहीतर सरळ अनवाणी. मोज्यांवर कोणालाही उतरू देऊ नका.

निवडीच्या अर्जात 'आपल्या अपेक्षा काय?' हा रकाना ठेवू नका, त्याला सगळे तेच लिहितात. विचारा: मागच्या दोन नाटकांत तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडलं, आणि सोबत कोणतं चालू काम घेऊन येताय. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तो पुढच्या वर्षी.

मुंबईचे मार्गदर्शक अवंतिका एक्स्प्रेसने आणणार असाल तर आदल्या दिवशी. गाडी सकाळी पोचते, पण लेट झाली की पहिलं सत्र गेलंच.

डिमरवाला

तंत्राच्या तुकडीला व्याख्यान देऊ नका, दिव्याला हात लावू द्या. मात्र नाट्यगृहाच्या दिव्यांना नको, ते त्या दिवशीच्या संघाचे. शाळेच्या हॉलमध्ये भाड्याचा छोटा संच लावा: एक-किलोवॉटचे चार पार (पसरट झोताचे दिवे), दोन प्रोफाइल (रेखीव झोताचे), चार एलईडी पार, सहा चॅनलचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारा), एक साधा कन्सोल (दिवे चालवायचा). हॉलला काळे पडदे लागतील, नाहीतर सकाळी अकराला फेड (उजेडाचा हळूहळू बदल) कोणाला दिसणार?

पहिला तास नुसता विजेचा हिशेब. २३० व्होल्टवर एक किलोवॉटचा दिवा साडेचार अँपिअरच्या जवळपास ओढतो. १६ अँपिअरच्या प्लगवर तीन दिवे, चौथा नाही. शाळेच्या भिंतीतला पाच-सहा अँपिअरचा प्लग एकाच दिव्याने संपतो. दौऱ्यावर एमसीबी पडते ती याच गणितामुळे, आणि मग सगळे 'इथली लाइनच खराब' म्हणत बसतात. दोन दिवस आधी इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डावरून वेगळी लाइन काढून घ्या, अर्थिंग तपासून.

एलईडी पार डिमरच्या चॅनलवर टाकू नका. लुकलुकतो, आणि पुढे त्याचं सर्किट जातं. त्याला थेट वीज द्यायची, कमी-जास्त डीएमएक्सवरून (कन्सोलचे हुकूम दिव्याला पोचवणाऱ्या तारेवरून) करायचं. आठ चॅनलचे दिवे असतील तर चौघांचे पत्ते, म्हणजे प्रत्येकाचा पहिला चॅनल, १, ९, १७, २५. दोघांना एकच पत्ता पडला की दोघे एकदम लागतात, आणि लोक कन्सोल बदलायला धावतात. माइकची केबल डीएमएक्सला जोडणं ही दुसरी खोड. दहा फुटांवर चालते, शंभर फुटांवर दिवे आपोआप नाचू लागतात. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (तारेचं टोक बंद करणारा प्लग) खोचायचा. किंमत किरकोळ, पण कोणाच्या पेटीत नसतो.

आता खरं काम, क्यूशीट: प्रकाश केव्हा, कसा बदलायचा त्याची यादी. महोत्सवातल्याच एका नाटकाची सहा पानं संघाच्या परवानगीने सगळ्यांना द्या. सकाळी प्रत्येकाने आपली क्यूशीट लिहायची, संध्याकाळी प्रयोग बघायचा, दुसऱ्या दिवशी ताडून बघायचं. रकाने पाच: क्रमांक, पान, कशावर, कोणता चॅनल किती टक्के, किती सेकंदांत. तिसऱ्या रकान्यात हमखास घोळ होतो. 'ती खुर्चीत बसते' एवढंच लिहिलेलं असतं. बसायला वाकते तेव्हा, की पाठ टेकते तेव्हा? चार सेकंदांचा फेड असेल आणि ऑपरेटरने ती टेकल्यावर बटण दाबलं, तर उजेड पुढच्या पात्राच्या वाक्यावर येऊन पोचतो आणि ते वाक्य उगाच महत्त्वाचं वाटायला लागतं. असे तीन-चार क्यू उकलले तरी सत्र वसूल.

फोकसिंग दाखवायचं असेल तर प्रेक्षागृहात बसवून, एका वेळी सहा जण, त्या संघाच्या प्रकाशयोजनाकाराला आधी विचारून. शिडीखाली कोणी नाही. पाना दोरीने मनगटाला.

रामबागी

हे सोनं आहे. दोन शंका. हिंदी संघांतलेही लोक येणार. मार्गदर्शक मराठीच बोलले तर? आणि निर्मिती-व्यवस्थापनात नक्की काय घ्यायचं?

जमाखर्च

भाषेची काळजी इंदुरात कशाला करता! तोंडी हिंदी-मराठी मिसळ चालेल, फळ्यावरचं आणि कागदावरचं तेवढं हिंदीतही असू द्या.

व्यवस्थापनाच्या तुकडीकडून दोनच कागद तयार करून घ्या: तांत्रिक मागणीपत्र आणि प्रयोगाचा हिशेब.

मागणीपत्र एका पानाचं. रंगमंचाची किमान रुंदी-खोली (तुमच्या नाटकाला खरंच लागते ती), दिवे टांगायला किती बार, किती चॅनल, किती माइक, नेपथ्य लावायला किती तास आणि किती माणसं, काढायला किती. वरून पाहिलेला नकाशा मापासकट. 'उत्तम प्रकाशव्यवस्था हवी' हे वाक्य दिसलं की आयोजक पुढे वाचत नाही. नेपथ्याचं सर्वांत मोठं अंग किती, हेही लिहा. प्लायवूड आठ बाय चारचं येतं म्हणून फ्लॅटही (नेपथ्याची सपाट भिंत) आठ फुटी होतो, आणि छोटा हाथी टेम्पो मागून जेमतेम सात फुटांचा. फ्लॅट बाहेर लोंबत नेला की कोपरे झडतात. मधोमध बिजागरी लावून दुमडता करा, किंवा मोठ्या गाडीचे पैसे धरा.

हिशेबात एकदाच होणारा खर्च आणि दर प्रयोगाला होणारा खर्च वेगळे मांडायचे. समजा नेपथ्य, वेशभूषा, संगीत मिळून ९०,००० लागले आणि सहा प्रयोगांची खात्री आहे. तर प्रत्येकावर १५,०००. वर बारा जणांची नाईट (एका प्रयोगाचं मानधन) प्रत्येकी १,००० म्हणजे १२,०००, गाडी, दिवे, तालमीचा हॉल. बहुतेक संघ हे १५,००० धरतच नाहीत आणि महोत्सवाने २५,००० दिले की फायदा झाला म्हणतात. तिकीट लावणार असाल तर नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, वरच्याला नाही.

हक्कांवर अर्धा तास. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संहितेवर हक्क राहतो (१९५७चा कायदा). तोंडी 'करा की' ही परवानगी नव्हे. किती प्रयोग, कोणत्या भाषेत, मानधन किती, हे लेखी घ्या. अनुवाद असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांचंही. पुण्या-मुंबईला प्रयोग नेणार असाल तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. इथल्या संघांना हे थिएटर बुक झाल्यावर कळतं.

अनुदानाचं सत्र ठेवलंत तर आधी विचारा, संस्था नोंदलेली आहे का? मध्यप्रदेशात ती १९७३च्या सोसायटी अधिनियमाखाली होते. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनांना त्याशिवाय दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलची नोंद आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना अर्ज कसा लिहावा हे शिकवणं म्हणजे घोड्याआधी लगाम.

तुमचे दीड लाख: तीन मार्गदर्शक, प्रत्येकी दोन दिवस, दिवसाला १०,००० म्हणजे ६०,०००. त्यांचा प्रवास-मुक्काम ३०,०००. दिव्यांचा संच २०,०००. चोवीस जणांचं चार दिवस जेवण-चहा माणशी २०० धरून १९,२००. झेरॉक्स वगैरे ५,०००. पंधरा-सोळा हजार हातचे राहतात, त्यांना कोणी मागितलं तरी हात लावू नका. मानधनाआधी पॅन मागून घ्या, टीडीएस लागू होत असेल आणि पॅन नसेल तर तो दुप्पट कापावा लागतो.

विंगेतून

प्रयोगानंतरच्या 'दिग्दर्शकाशी गप्पा' काढून टाका. त्या वेळी नट मेकअप उतरवत असतात, कामगार नेपथ्य काढत असतात, आणि पहिला माइक घेणारा प्रश्न न विचारता भाषण करतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास मिनिटं, फक्त कार्यशाळेतल्यांसाठी.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत इथे चपखल बसते. आधी बघणाऱ्यांनी काय ठसलं, काय लक्षात राहिलं एवढंच सांगायचं. मग संघाने त्यांना प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी संघाला, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. शेवटी मत, तेही 'दुसऱ्या अंकाच्या लांबीबद्दल माझं मत आहे, ऐकायचंय का?' असं विचारून. संघ नको म्हणू शकतो.

गाडी अडते तिसऱ्या पायरीवर. 'एवढा अंधार कशाला?' हा प्रश्न नाही, टोमणा आहे. 'त्या प्रवेशात उजेड किती ठेवायचा हे कसं ठरवलंत?' हा प्रश्न. चर्चेच्या सूत्रधाराने टोमणा तिथेच थांबवून पुन्हा विचारायला लावायचं. म्हणून सूत्रधार चारही संघांबाहेरचा हवा, आणि वयाने थोर असला तरी बोलका नको.

एक राहिलं. ज्यांचा त्या संध्याकाळी प्रयोग आहे ते माफी असूनही आले, तरी त्यांना आवाजाच्या सत्रात घेऊ नका. सकाळी वरच्या पट्टीत तासभर घसा ताणला की तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसतो.

रामबागी

ठरलं: चोवीस जण, साडेदहा ते दीड, दोन तुकड्या, सकाळी चर्चा. प्रमाणपत्राऐवजी प्रत्येकाने आपलं मागणीपत्र किंवा क्यूशीट दाखवून जायचं. शाळेत उद्या इलेक्ट्रिशियन घेऊन जातोय. त्याला काय काय विचारू?

डिमरवाला

मेन एमसीबी किती अँपिअरची, तीन फेज येतात की एकच, अर्थिंग आहे की नुसती हिरवी वायर लोंबतेय. आणि शाळेची पाण्याची मोटर त्याच फेजवर आहे का. असेल तर साडेदहा ते दीड ती बंद ठेवायला शिपायाला आत्ताच सांगून ठेवा.