मदत हवी आहे: वर्गमैत्रिणींच्या फोटोंशी तुलना करून बहीण खचत चालली आहे

कृष्णाकाठ:
माझी धाकटी बहीण इन्स्टाग्रामवर वर्गमैत्रिणींचे फोटो बोटांनी मोठे करून पाहते, मग स्वतःचा फोटो काढते, दोन्ही शेजारी ठेवून न्याहाळते आणि आपला फोटो पुसून टाकते. हे रोज चालते. मामेबहिणीच्या हळदीत कॅमेरावाला जवळ आला की ती स्वयंपाकघरात जाऊन बसत होती. कारण विचारले तेव्हा "ते फोटो टाकतील आणि मला टॅग करतील" एवढेच म्हणाली. आता कॉलेजला निघण्याआधी तिच्या छातीत धडधडते आणि हात गार पडतात. फोटोंना फिल्टर लावलेले असतात हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यामुळे ते सांगून काही उपयोग होत नाही. तिच्याशी नेमके काय बोलावे, हे कृपया लवकर सांगावे. मोबाइल काढून घेण्याचा सल्ला नको, तो उपाय करून झाला आहे.

जुना_वाचक:
ताई, बहिणीचे वय काय? हे कधीपासून सुरू आहे? झोप आणि जेवण कसे आहे? मोबाइल काढून घेतला तेव्हा काय झाले, हेही लिहा. एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार?

अण्णा_रत्नागिरीकर:
मोबाइल काढून घेण्याचा सल्ला नको म्हणता, पण दुखण्याचे मूळ तिथेच आहे. माझ्या मुलीचे खाते आम्ही बंद केले, तिला पोहायला घातले आणि ती सावरली. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे तिथल्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी उघड केली, तेव्हा कंपनीलाही किशोरींवरचा हा परिणाम माहीत होता, हे जगाला कळले.

शलाका_पुणे:
अण्णा, त्या कागदपत्रांतील वाक्य नीट वाचायला हवे. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते, असे ३२ टक्के किशोरींनी सांगितले होते. म्हणजे आधीपासूनच दुखणाऱ्या जागेवर तिथे बोट पडते. खाते बंद केले तरी ती जागा दुखायची राहत नाही. शिवाय वर्गाच्या सूचना आणि मैत्रिणींच्या गप्पा फोनवरच असल्याने मुलगी त्यांतूनही बाहेर पडते आणि अधिकच एकटी होते.

मी स्वतः यातून गेले आहे. नट्यांचे फोटो मला कधीच टोचले नाहीत. टोचायची ती शेजारच्या बाकावरची मुलगी, कारण तीही माझ्याच वयाची, माझ्यासारख्याच घरातली आणि तेच पाणी पिणारी होती. माणूस स्वतःची तुलना आपल्यासारख्यांशीच करतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले आहे. ज्या मैत्रिणींचे फोटो पाहून सर्वाधिक त्रास होतो, त्यांना 'म्यूट' करावे, म्हणजे त्यांचे फोटो आपल्यासमोर येत नाहीत. त्यांना ते कळत नाही आणि मैत्रीही राहते.

नियमावली:
हा प्रश्न एकेका घराने सोडवायचा नाही, त्यासाठी कायदा हवा. नॉर्वेत जाहिरातीतील शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसे लेबल लावणे जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे.

शलाका_पुणे:
ताईंच्या बहिणीला फोटो बदललेले असतात हे माहीत आहे आणि तरीही त्रास होतो, मग लेबलाने काय साधणार? अशा लेबलांवरील बहुतेक प्रयोगांत त्यांचा फारसा फायदा दिसलेला नाही.

भिंग:
कोणता मोबाइल वापरते? सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे गणित अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले होते. फोटो लांबून काढायला सांगा.

कृष्णाकाठ:
मोबाइल कोणता आहे याने काय फरक पडतो? वय १९, अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष, वसतिगृहात राहते. मोबाइल घेतला तेव्हा ती मैत्रिणीच्या मोबाइलवर तेच करत राहिली. झोप उशिरा लागते. रात्री जेवत नाही, 'डाएट' आहे म्हणते. मैत्रिणीने दिलेले कसलेसे गोरेपणाचे क्रीम लावते आणि त्याने गाल लाल झाले आहेत. पण माझा प्रश्न बोलण्याचा होता.

त्वचारोग_डॉ:
आपण विचारले नाही, तरी सांगणे आवश्यक आहे. त्या ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले आहे का, ते पाहा. ही स्टेरॉइडे आहेत. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम अचानक थांबवले तर लाली व जळजळ उसळते. मग मुलीला वाटते की क्रीमशिवाय आपण कुरूपच आहोत. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते थांबवावे. अशी अनेक क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ पासून मनाई असूनही ती सर्रास मिळतात, याचा मला मनापासून संताप येतो.

समुपदेशक_मीरा:
आता बोलण्याबद्दल. "मी बरी दिसते ना?" असे तिने विचारल्यावर आपण "छान दिसतेस" म्हणतो, तेव्हा तिला घडीभर बरे वाटते आणि थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते. फोटो शेजारी ठेवून न्याहाळणे हाही त्याच चक्राचा भाग आहे. म्हणून दिसण्यावर वाद घालू नका आणि कौतुकही करू नका. "फोटो पाहिल्यानंतर तुला खूप अस्वस्थ वाटते असे मला दिसते, तेव्हा नेमके काय होते?" असे विचारा आणि तिला पूर्ण बोलू द्या. तिची तयारी असेल तर पहिली पायरी लहान ठेवा: फोटो पाहिला तरी त्यानंतर लगेच स्वतःचा काढायचा नाही.

ती कॅमेरा टाळते, कॉलेजच्या आधी धडधडते आणि रात्रीचे जेवणही सोडते, त्यामुळे केवळ घरच्या गप्पांवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञाची किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भेट घ्या. अशा चिंतेवर बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा) चांगला उपयोग होतो. तोवर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटते का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही.

अण्णा_रत्नागिरीकर:
क्रीमचे आणि जेवणाचे आधी कळले असते तर मीही तेच म्हटले असते. पोहण्याचा आग्रह मात्र मी सोडणार नाही.

समुपदेशक_मीरा:
अण्णा, तिला स्वतःला आवडत असेल तर जरूर पोहावे. वजन उतरवण्यासाठी मात्र तिला आत्ता तलावावर पाठवू नका.

कृष्णाकाठ:
ट्यूबवर मोमेटासोन लिहिले आहे. काल तिला मीरा ताईंनी लिहिले तसेच विचारले, तेव्हा ती बराच वेळ बोलली. जगणे नकोसे वाटत नाही म्हणाली, पण वर्गात शिरताना सगळे आपल्या गालांकडेच पाहतात असे तिला वाटते. डॉक्टरांकडे यायला तयार आहे, मात्र आईला सोबत नको म्हणते. आईला काय सांगावे?

समुपदेशक_मीरा:
ती सज्ञान आहे, त्यामुळे सोबत कोण येणार हे तिलाच ठरवू द्या. "तिच्या चिंतेसाठी आणि त्वचेसाठी डॉक्टरांकडे जात आहोत" इतके खरे आईला सांगा, बाकीचे तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. जाताना ट्यूब बरोबर न्या. गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरले आणि पाळी नियमित आहे का, हे तिला आधीच विचारून ठेवा, कारण जेवणाचे सांगितल्यावर डॉक्टर तेच विचारतील.