रविवारच्या ड्राइव्हला कोण कोण येतंय?

दादा: फ्रेंच गाड्यांच्या क्लबची ड्राइव्ह रविवारी आहे. माझी टूसीव्ही, म्हणजे सिट्रोएनची ती जुनी छोटी गाडी, नेतोय, त्यात दोन जागा रिकाम्या. मित्राच्या सिट्रोएन डीएसमध्येही जागा आहे. यायचं असेल त्यांनी इथेच सांगा, मला वेगळे फोन नकोत.

मावशी: रॅली आहे का रे? मला वेगाची भीती वाटते बाबा.

दादा: रॅली नाही गं. घड्याळ नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. टूसीव्ही १९४८ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तिला ३७५ सीसीचं, ९ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. माझी नंतरची आहे, ६०२ सीसी आणि २९ हॉर्सपॉवर. तुला भीती वाटेल एवढा वेग तिला झेपतच नाही.

धाकटा: वळणावर मात्र ती इतकी कलते की मावशी डोळे मिटून घेईल 😄

दादा: कलते, पण उलटत नाही. सस्पेन्शन मऊ ठेवलंय ते मुद्दाम. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन कच्च्या रस्त्याने जाता यावं, हीच मूळ मागणी होती. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटू नयेत, असंही सांगतात. मावशी, तू अंड्यांपेक्षा मजबूत आहेस.

मावशी: 😂 बरं, माझं नाव लिही.

काका: आम्ही आमच्या एसयूव्हीने येतो. तुमच्या त्या खटाऱ्यांच्या पुढे जाऊन ठिकाणावर वाट बघू. चालेल ना?

दादा: काका, तेवढं सोडून काहीही करा. 🙏

काका: का बरं?

दादा: जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सगळ्यांनाच कळेल. सगळ्या गाड्या एका रांगेत जातात, कोणी पुढे पळायचं नाही. सगळ्यात हळू चालणारी गाडी पहिल्या गाडीच्या लगेच मागे ठेवतात आणि तिच्या वेगाने बाकीचे चालतात. तिला शेपटाला ठेवलं तर प्रत्येक सिग्नलला ती आणखी मागे पडते, मग चालवणारा घाबरून गाडी ताणतो आणि चढावर इंजिन तापतं. पाचसहा गाड्यांचे गट करतो, दोन गटांत मोकळी जागा सोडतो, म्हणजे रस्त्यावरच्या इतरांना ओव्हरटेक करता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या गाडीची जबाबदारी पुढच्याची. वळण आलं की आरशात बघायचं. मागची गाडी दिसली तरच वळायचं, नाही दिसली तर सुरक्षित जागा बघून कडेला थांबायचं. हे प्रत्येकाने पाळलं की रांग कितीही लांब असली तरी कोणी चुकत नाही. फोन करत बसावं लागत नाही.

वहिनी: आणि एकाने जरी पाळलं नाही तर अर्धी रांग भलत्याच रस्त्याला. पुढचा नवशिका असला की मागचे सगळे त्याच्याच मागे.

दादा: म्हणूनच आधी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून सूचना देतात. काका, तुमची एसयूव्ही अगदी शेवटी चालेल. शेवटच्या गाडीत हत्यारं, दोरी, पाण्याचे कॅन आणि शांत डोक्याचा माणूस लागतो. पहिल्या तिन्हींची सोय आहे.

आत्या: 😂😂 काका, टोमणा कळला का?

काका: कळला. पण फ्रेंच नसलेली गाडी चालते का तुमच्या क्लबात?

धाकटा: यावर त्यांच्याकडे कायम वाद चालू असतो. मागे नव्या इलेक्ट्रिक रेनो ५ वाल्याला एक गृहस्थ म्हणाले, ‘ही कसली फ्रेंच गाडी, बॅटरीवर चालणारा फोन आहे.’

दादा: मला नाही पटलं ते. १९७२ ची रेनो ५ आली तेव्हाही ती नवीच होती की. आज जी नवी आहे तिला सांभाळणारा माणूस आजच जोडला नाही, तर तीस वर्षांनी क्लबात कोण उरेल? सिट्रोएन आणि प्यूजो २०२१ पासून स्टेलांटिस नावाच्या एकाच छत्राखाली गेल्या, म्हणून काही जण नव्या गाड्यांना नाक मुरडतात. पण सिट्रोएन तर १९७० च्या दशकातच प्यूजोच्या ताब्यात गेली होती. शुद्धतेची रेघ ओढणार तरी कुठे?

आत्या: मला वेगळाच प्रश्न आहे. गेल्या वेळी आले होते. ठिकाणावर पोचलो आणि सगळे पुरुष बॉनेटमध्ये डोकी घालून उभे. आम्ही तिथे काय करायचं?

वहिनी: आत्या, सगळे पुरुष नव्हते. ती लाल रेनो ४ वाली स्वतः कार्ब्युरेटर उघडून बसली होती. पण तुझं म्हणणं बरोबर आहे. दादा, हे तू समितीला सांग. पोचल्यावर निदान पहिला तासभर बॉनेट बंद.

दादा: सांगतो, पण ऐकणार कोण? एकाने उघडलं की दहा जण जमतात. आणि खरं सांगू, क्लब टिकतो तो त्यामुळेच. डीएसवाल्या मित्राने गाडी नवीन घेतली तेव्हा त्याला तेलाचा रंगच माहीत नव्हता. तिच्या सस्पेन्शनमध्ये नायट्रोजन भरलेले गोळे असतात आणि त्यांना दाबाखालचं तेल लागतं. सुरुवातीच्या डीएसना लाल तेल, १९६६ नंतर टप्प्याटप्प्याने हिरवं. हिरव्या तेलाच्या गाडीचे भागही हिरव्या रंगाचे असतात. लाल तेलाच्या गाडीत हिरवं ओतलं तर रबरी सील खराब होतात आणि मग सगळं उघडावं लागतं. पुस्तकात आहे हे, पण पुस्तक कोण वाचतं? अशाच एका थांब्यावर एका आजोबांनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला, म्हणून वाचला.

आत्या: हे मान्य. पण मला सावली आणि बसायला जागा हवी.

वहिनी: टूसीव्हीच्या सीटा सहज बाहेर निघतात. गवतावर ठेवायच्या आणि बसायचं. गाडी आणि खुर्च्या एकत्रच 😊

आत्या: मग येते. डीएसमध्ये बसवा मला.

काका: पण मला सांग, एवढ्या जुन्या गाड्या रस्त्यावर काढायच्याच कशाला? झाकून ठेवाव्यात, प्रदर्शनाला न्याव्यात. मोडली तर भाग कुठून आणणार?

दादा: उभी राहिली की जास्त मोडते, काका. रबर कोरडं पडतं, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, ब्रेक चिकटतात. डीएसचं म्हणाल तर इंजिन चालू होऊन पंपाने दाब दिला की तेल सगळीकडे फिरतं. आत्या, तू बसल्यावर बघ. सुरू केल्यावर लगेच निघत नाहीत. आधी मागची बाजू उचलते, मग पुढची, आणि आपण बसल्या जागी वर जातो.

मावशी: अगं बाई, उंट की काय!

दादा: जवळपास तसंच 😄 आणि चाक बदलायला जॅक फिरवावा लागत नाही. गाडी पूर्ण वर करायची, बाजूला स्टँड लावायचा, मग गाडी खाली घ्यायची. तिकडची चाकं आपोआप अधांतरी राहतात. ब्रेकला पेडल नाही, जमिनीवर रबरी बटण आहे, जेमतेम दाबलं की करकचून ब्रेक लागतो. मित्र नवीन होता तेव्हा आम्ही सगळे समोरच्या सीटवर आपटलो होतो.

आत्या: आता मला टूसीव्हीत बसवा.

धाकटा: मी टेप आणतोय. रेनो ४ च्या दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वेगळं असतं, जवळपास ५ सेंटिमीटरचा फरक. मागच्या दोन टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, एकामागे एक बसवल्यात म्हणून. कोणी पैज लावणार?

काका: काहीतरीच! गाडी वाकडी नाही का चालणार?

धाकटा: नाही चालत. १९६१ पासून ८० लाखांवर बनल्या, सगळ्या सरळ गेल्या. पैज?

काका: लावली. हरलो तर शेवटच्या गाडीत मी बसतो.

दादा: काका, ती जागा तशीही तुमचीच आहे.

वहिनी: बाहेरच्या देशांतही असे मेळावे मोठे होतात ना?

दादा: फ्रान्समध्ये लापालिस नावाचं गाव आहे, पॅरिसहून दक्षिणेला जाणाऱ्या जुन्या नॅशनल ७ रस्त्यावर. सुट्टीत सगळे त्याच रस्त्याने निघायचे, गावात तासन्‌तास कोंडी व्हायची. २००६ मध्ये बायपास झाला. आता दर दोन वर्षांनी लोक जुन्या गाड्या घेऊन तिथे जातात आणि मुद्दाम ट्रॅफिक जॅम करतात. छतावर सामान, गळ्यात कॅमेरे, सगळं जुन्या थाटात.

मावशी: जॅममध्ये अडकायला माणसं मुद्दाम जातात? हद्द झाली!

दादा: आणि १९७० मध्ये सिट्रोएननेच पॅरिस ते काबूल आणि परत अशी टूसीव्हींची मोहीम काढली होती. १३०० तरुण, १६,५०० किलोमीटर. आपलं त्यातलं काहीच नाही, दुपारपर्यंत परत. चढ एकच आहे. तिथे मी दुसऱ्या गिअरमध्ये असेन, मागून कोणी हॉर्न वाजवायचा नाही. विशेषतः घरच्यांनी.

वहिनी: तर मावशी आणि आत्या टूसीव्हीत, मी डीएसमध्ये, धाकटा आणि काका शेवटच्या गाडीत. ठरलं?

आत्या: थांब, मी परत डीएसमध्ये. वर जाणारी गाडी एकदा बघायचीच आहे. सीटबेल्ट घट्ट लावेन.

दादा: ठरलं. साडेसातला टाक्या भरून, टायरची हवा बघून या. रूट शीट शनिवारी रात्री इथे टाकतो.

काका: प्रिंट काढून आण. मोबाइलवरचं मला दिसत नाही.