मदत हवी आहे: डिप्लोमावर सुपरवायझरचं लायसन कुठून काढू?

राजेहो, जरा माहिती पायजे होती. मी सिव्हिल डिप्लोमा, गाव दारव्हा तालुक्यात, सध्या एका इंजिनिअर साहेबाच्या हाताखाली हाय, साइटवर सळई मोजणं अन रात्री ऑटोकॅडवर नकाशे काढणं सगळं मीच करतो पण शिक्का साहेबाचा, अन साहेब यवतमाळले गेले की लोकं नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसून रायतात. आता गावात ३२०० स्क्वेअर फुटापर्यंतच्या बांधकामाले नगररचनाकडं जा लागत नाही, ग्रामपंचायतीतच होते, पण नकाशा लायसनवाल्याचाच लागते, म्हणजे काम तर इथंच हाय ना बाप्पा.

२०२० च्या युडीसीपीआरमधी, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, डिप्लोमा अन २ वर्षं अनुभववाल्याले सुपरवायझरचं लायसन (ज्याच्यावर छोट्या घराचे नकाशे आपल्या सहीनं देता येतात ते) भेटते असं हाय. मंग अर्ज नगर परिषदेत करू का जिल्ह्याच्या नगररचना ऑफिसात? एका ठिकाणचं लायसन दुसऱ्या नगरपंचायतीत चालते का? अन अनुभवाचा दाखला नुसत्या लेटरहेडवर चालते का पगाराची पावती बी मागतात, कारण इथं पगार रोख हातात, पावती कुठून आणू. साहेब दाखला देतीन का हे वेगळंच, त्याइचा स्वस्तातला ड्राफ्ट्समन जाते ना!

काही जण म्हणतात व्हॅल्युअर हो, म्हणजे घर-जमिनीची किंमत ठरवणारा, बँकेची कामं भेटतात, पण त्याची नोंदणी करणाऱ्या आयबीबीआयले डिग्री लागते, वरून ५ वर्षं अनुभव, ५० तासांचा कोर्स अन परीक्षा, ते सध्या राहू द्या.

ज्यानं आपल्या विदर्भात खरंच लायसन काढलं त्यानंच सांगा, युट्यूबच्या लिंका नका टाकू.