मुले मानवी हक्कांसाठी बोलू लागली, की मोठ्यांनी त्यांच्या पाठीशी नेमके कसे उभे राहावे?

उंबरठा (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मुलांच्या एका गटाची मार्गदर्शक म्हणून काम करते. गटातील १४ वर्षांच्या एका मुलीच्या धाकट्या भावाला त्याच्या अपंगत्वामुळे शाळेत प्रवेश नाकारला गेला. तेव्हापासून ही मुलगी, अशा सर्व मुलांना प्रवेश आणि आवश्यक त्या सोयी मिळाव्यात, यासाठी बोलते आहे. तिने स्वतः निवेदन लिहिले, सह्या गोळा केल्या आणि एका जाहीर सभेत आपले म्हणणे मांडले. त्या भाषणाची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. कौतुक पुष्कळ झाले, परंतु त्याबरोबरच अश्लील आणि धमकीवजा संदेशही येऊ लागले. ती ज्या शाळेत शिकते, तेथून पालकांना ‘मुलीला आवरा’ असा निरोप आला आहे. वडिलांच्या मते तिने आता थांबावे, आईच्या मते थांबू नये, आणि मुलीला स्वतःला तर मुळीच थांबायचे नाही. त्यातच एका वृत्तवाहिनीने नाव आणि चेहऱ्यासह मुलाखत मागितली आहे.

संरक्षणाच्या नावाखाली तिचा आवाज दाबला जाऊ नये, आणि प्रोत्साहनाच्या नावाखाली तिला संकटात लोटले जाऊ नये, असे मला वाटते. या दोहोंमधील सीमारेषा कोणी आणि कशी ठरवायची? केवळ भावनेवर नव्हे, तर काही ठोस आधारावर उत्तर मिळाले तर मी आभारी राहीन.

कलमदान

आधार भक्कम आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्यातील पहिलेच कलम सांगते, की मानवी हक्कांच्या रक्षणासाठी एकट्याने किंवा इतरांसह झटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. या ‘प्रत्येका’ला वयाची अट नाही. त्याआधीच, १९८९ च्या बालहक्क कराराने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा (कलम १२), अभिव्यक्तीचा (कलम १३), आणि संघटित होण्याचा व शांततेने एकत्र जमण्याचा (कलम १५) हक्क दिलेला होता. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या बालहक्क समितीने सप्टेंबर २०१८ मध्ये आपला सर्वसाधारण चर्चेचा संपूर्ण दिवस याच विषयाला, म्हणजे मानवी हक्क रक्षक म्हणून काम करणाऱ्या मुलांचे संरक्षण आणि सक्षमीकरण यांना, दिला होता. तेव्हा आपली विद्यार्थिनी काही आगळीक करते आहे, या समजुतीला आधी रजा द्यावी.

वडिलांची भीती मात्र मी हलकी मानणार नाही. ते बहुधा ‘मुलीचे हित’ हा शब्द वापरत असतील, आणि तो शब्द करारातही आहे (कलम ३). परंतु हित आणि मत हे एकमेकांचे विरोधी पक्ष नाहीत. समितीने २००९ च्या आपल्या १२ व्या सर्वसाधारण भाष्यात (म्हणजे कराराचा अर्थ उलगडणाऱ्या तिच्या स्पष्टीकरणात) स्पष्ट म्हटले आहे, की कलम ३ आणि कलम १२ परस्परपूरक आहेत. मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचे हित कशात आहे हे योग्य रीतीने ठरवताच येत नाही. पालकांची भूमिका कलम ५ मध्ये आहे: मुलाच्या वाढत्या क्षमतेला अनुसरून मार्गदर्शन करणे. १४ वर्षांच्या मुलीला लागणारे मार्गदर्शन ६ वर्षांच्या मुलासारखे नसते, हे सांगण्यासाठी खरे तर करार लागू नये. पण मोठ्यांच्या बैठकीत तो हाताशी असलेला बरा.

त्याच भाष्यात मुलांच्या सहभागासाठी नऊ निकष दिले आहेत. सगळे येथे उतरवत बसत नाही. आपल्या प्रसंगी तीन महत्त्वाचे: सहभाग ऐच्छिक असावा, त्यातील धोक्यांचा आधी विचार झालेला असावा, आणि मुलांनी जे मांडले त्याचे पुढे काय झाले, हे त्यांना परत येऊन सांगितले जावे. शेवटचा निकष सर्वांत जास्त विसरला जातो. २०१९ मध्ये १६ मुलांनी हवामानबदलाबाबत पाच देशांविरुद्ध याच समितीकडे तक्रार केली होती. देशांतर्गत न्यायमार्ग आधी वापरले नाहीत या कारणाने २०२१ मध्ये ती दाखल करून घेण्यास समितीने नकार दिला, पण तो देताना, निर्णय का झाला हे समजावून सांगणारे खुले पत्र तिने मुलांना लिहिले. नकारही सन्मानाने देता येतो, याचे हे उदाहरण आहे. त्या मुलीच्या निवेदनाला आजवर कोणी लेखी उत्तर दिले आहे का?

साशंक

माझे मत कदाचित आवडणार नाही, तरीही मांडतो. कलमे वाचायला भारदस्त वाटतात, पण गोळी किंवा दगड कलम वाचून थांबत नाही. गालिच्यांच्या कारखान्यात वेठबिगार म्हणून राबलेला पाकिस्तानातील इक्बाल मसीह सुटून आला, बालमजुरीविरुद्ध देशोदेशी बोलला, १९९४ मध्ये अमेरिकेत त्याचा गौरव झाला, आणि १६ एप्रिल १९९५ रोजी, अवघ्या बाराव्या वर्षाच्या आसपास, त्याला गोळी घालून मारण्यात आले. हत्येमागे कोण होते याविषयी अजूनही वाद आहे. मला त्या वादात शिरायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की परदेशातील व्यासपीठावर टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्यांपैकी किती जणांनी, हा मुलगा परत गेल्यावर कोठे झोपणार आहे, याची चौकशी केली असेल?

मुलांच्या तोंडून मोठ्यांचे शब्द वदवून घेतले जातात, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. मूल बोलले की बातमी होते, म्हणून मूल पुढे केले जाते. मोहिमा संपतात, कार्यकर्ते दुसऱ्या विषयाकडे वळतात, आणि मुलाच्या शाळेतील हजेरीचा, त्याच्या झोपेचा, त्याच्यावर बसलेल्या शिक्क्याचा हिशेब कुटुंबाला एकट्याने चुकवावा लागतो. वडिलांना ‘प्रतिगामी’ ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

रानवाट

साशंक यांच्या प्रश्नातील कळकळ मला पटते, निष्कर्ष मात्र पटत नाही. मोठी माणसे मुलांना वापरून बाजूला सारतात, हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय मुलांना गप्प करणे हा कसा असेल?

याबाबतीत मला क्लॉडेट कोल्विन यांचे उदाहरण नेहमी आठवते. २ मार्च १९५५ रोजी, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अशाच कारणाने झालेल्या प्रसिद्ध अटकेच्या नऊ महिने आधी, अमेरिकेतील माँटगोमेरी येथे १५ वर्षांच्या या कृष्णवर्णीय मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला आणि तिला अटक झाली. वर्णभेदविरोधी चळवळीतील नेत्यांनी तिला आंदोलनाचा चेहरा केले नाही. पुढे ज्या खटल्यामुळे तेथील बसमधील वर्णभेद बेकायदेशीर ठरला, त्या १९५६ च्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात ती वादींपैकी एक होती, तरीही तिचे नाव अनेक दशके फारसे कोणी घेतले नाही. बालन्यायालयातील तिची नोंद पुसली गेली ती २०२१ मध्ये. अर्थात, पंधराव्या वर्षी कपाळी आलेला शिक्का ऐंशी ओलांडल्यावर निघाला. तिच्या बाबतीत कमी पडले ते धैर्य नव्हते. खटला संपल्यावरही तिच्याबरोबर राहणारी मोठी माणसे कमी पडली.

उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. मे १९६३ मध्ये अमेरिकेतीलच बर्मिंगहॅम येथे हजारो शाळकरी मुले वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पोलिसी कुत्रे सोडले गेले, अग्निशामक नळ्यांचे पाणी सोडले गेले, शेकडो मुले तुरुंगात गेली. मुलांना असे पुढे करावे का, यावर तेव्हा चळवळीतही तीव्र मतभेद होते आणि तो वाद आजही मिटलेला नाही. नंतर शिक्षण मंडळाने हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेतून काढण्याचा आदेश दिला. वकील कॉन्स्टन्स बेकर मोटली लगोलग न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात तो आदेश रोखला गेला. मला संरक्षण म्हणून हे अपेक्षित आहे: मुलाने आपले काम केले, आता त्याचे वर्गातील बाकडे शाबूत राहील याची जबाबदारी मोठ्यांची. ‘मुलीला आवरा’ हा निरोप तोंडी आला असेल, तर तो लेखी मागावा. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, हे बालहक्क कराराच्या कलम २८ मध्येच आहे. लेखी मागितल्यावर असे पुष्कळसे निरोप विरून जातात, असा माझा अनुभव आहे.

जाळेकरी

मी डिजिटल सुरक्षेचे काम करते, त्यामुळे मुलाखत आणि संदेश या दोनच गोष्टींविषयी लिहिते.

आधी संदेश. ते पुसू नका. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचे खाते, दिनांक आणि वेळ दिसली पाहिजे. मगच त्या माध्यमाकडे तक्रार करा, आणि जिवाची किंवा लैंगिक अत्याचाराची धमकी असेल तर पोलिसांकडेही. हे काम त्या मुलीने करायचे नाही. तिचे सार्वजनिक खाते तिच्या संमतीने एखाद्या विश्वासू प्रौढ व्यक्तीने काही काळ हाताळावे. तिने प्रत्येक शिवी वाचलीच पाहिजे, असा काही नियम नाही. मात्र तिचे खाजगी खाते कोणी उघडू नये, आईनेही नाही. कलम १६ मधील खाजगीपणाचा हक्क घरातही लागू होतो, आणि आपले फोन तपासले जातात हे कळले, की मुले पुढची धमकी लपवतात.

आता मुलाखत. मलाला युसूफझाई यांनी २००९ च्या आरंभी बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहिली, तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या आणि लेखन ‘गुल मकई’ या टोपणनावाने होत होते. पुढे नाव आणि चेहरा जगासमोर आला आणि ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या बसमध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली. नाव उघड झाले म्हणूनच हल्ला झाला, इतका सरळ हिशेब मी मांडत नाही. पण टोपणनावावरून खऱ्या नावाकडे केव्हाही जाता येते, परत येता येत नाही. म्हणून आज नाव देण्याची घाई नसावी. चित्रफीत आधीच पसरलेली असली, तरी भाषणातला चेहरा ओळखीच्या लोकांना माहीत असणे आणि वाहिनीने नाव, शाळा व घराचा परिसर एकत्र दाखवणे यांत मोठा फरक आहे. वाहिनीला लेखी अटी घाला: शाळेचे नाव नाही, गणवेश नाही, घराबाहेर चित्रीकरण नाही, प्रश्न आधी कळवायचे, आणि प्रक्षेपणापूर्वी तिला संपूर्ण मुलाखत दाखवायची. अटी मान्य नसतील तर मुलाखत नाही. तिच्याऐवजी तिघे-चौघे मिळून बोलले, तर रोखही एकाच मुलीवर राहत नाही.

आणि एक गोष्ट अद्याप कोणीच विचारलेली नाही. ही कथा तिच्या भावाचीही आहे. त्याचे अपंगत्व, त्याला मिळालेला नकार, हे सारे वाहिनीवर सांगायला त्याची हरकत नाही ना, हे त्याला कोणी विचारले आहे का? तो लहान आहे, म्हणून त्याच्या वतीने बहिणीने होकार द्यावा, हे आपण तिच्या बाबतीत मान्य केले नसते.

उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाचा मुद्दा वाचून मी त्याच्याशी बोलले. त्याला शाळेत जायचे आहे, पण टीव्हीवर आपल्याविषयी काही नको आहे, असे त्याने अगदी स्वच्छ सांगितले. बहिणीला ते ऐकून वाईट वाटले, पण पटले. आता ती गटातील आणखी तिघांसह, भावाचा उल्लेख न करता, अटी मान्य झाल्या तरच बोलणार आहे. वडील अजून पूर्ण राजी नाहीत. तथापि संदेशांची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली आहे. निवेदनाला लेखी उत्तर मिळालेले नाही.

शाळेने आता पालकांना भेटीस बोलावले आहे. भावाला जेथे प्रवेश नाकारला गेला, तीही हीच शाळा. मुलीला बरोबर न्यावे का? आणि बैठकीत काय मागावे?

कलमदान

तिला यायचे असेल तर जरूर न्यावे, पण एकटी बसवू नये, आणि मध्येच उठून जाण्याची मुभा तिला आहे हे आधीच सर्वांसमोर सांगावे. जाण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी पाठवा. एक, तिच्या वर्तनाबाबत नेमकी तक्रार काय आहे आणि शाळेच्या कोणत्या नियमाखाली आहे, याची विचारणा. दुसरी, तिच्या निवेदनाची प्रत आणि त्यावर उत्तराची मागणी. बैठकीचे इतिवृत्त तुमच्यापैकी एकाने लिहावे आणि त्याच दिवशी शाळेला पाठवावे. विषयपत्रिकेवर भावाचा प्रवेश पहिला ठेवण्याचा आग्रह धरा, त्याची अर्थातच याला हरकत नसेल तर. अन्यथा सगळा वेळ मुलीच्या वागण्यावर जाईल आणि तिने मांडलेला प्रश्न पुन्हा पुढच्या तारखेला टाकला जाईल.