दोन सुयांचं मणीकाम: वळणावर मणी उभे राहतात

प्रश्न
अनिशिनाबे (उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी लोक) पद्धतीचं पानाफुलांचं मणीकाम शिकतेय. काळी मखमल, 11 नंबरचे चेक (झेक देशातले) मणी, नायलॉनचा दोरा. देठ सरळ बसतात, पण पाकळीच्या वळणावर मणी उभे राहतात आणि मखमल चुणते. टाका चुकतोय की सामान? आणि अशा वस्तू विकल्या तर चालेल का?

मेणदोरा
मखमलीला मागून बकरम (कडक अस्तर) टाचलंय का? नसेल तर ती चुणणारच. मण्यांच्या दोऱ्याला ताण देऊ नका, तो कापडावर नुसता पडू द्या. पहिल्या सुईत मणी ओवायचे, दुसरी सुई फक्त तो दोरा कापडाला बांधायला: सरळ रेषेत दर 3 मण्यांनंतर, वळणावर दर 2, पाकळीच्या टोकाला प्रत्येक मण्यानंतर. टाका दोऱ्यावरून आडवा जातो, मण्यातून नाही. मणी उभा राहतो तो बहुधा जागेपेक्षा एक जास्त ओवल्यामुळे. ढकलून बसवू नका, काढून टाका.

आरी भरतकामाची सवय असेल तर हात जड पडतो. तिथे कापड चौकटीत ताणलेलं असतं.

बारीकमणी
चेक मणी एकसारखे नसतात. पातळ मणी वेगळे काढा, तेच वळणाला लागतात. फारच घट्ट वळण असेल तर 13 नंबर घ्या (आकडा वाढला की मणी लहान). आधी देठ आणि शिरा, मग पाकळीची कड, मग कडेला लागून आत आत. आडव्या ओळींनी भरलेलं फूल मेलेलं दिसतं. नक्षी पातळ कागदावर काढून वर टाचा. मखमलीच्या लवेवर पेन्सिल टिकत नाही.

काठावरून
विक्रीचं: अमेरिकेत 1990 चा कायदा आहे. मूळनिवासी नसलेल्याने केलेली वस्तू मूळनिवासींनी केलेली म्हणून विकणं गुन्हा आहे. विकायचीच असेल तर कुणी केली ते स्पष्ट लिहा, आणि कुणा कारागिराची नक्षी जशीच्या तशी उचलू नका. काचेचे मणी युरोपीय व्यापारातून आले. त्याआधी साळिंदराच्या काट्यांचं काम होतं. मण्याला अनिशिनाबे लोकांच्या ओजिब्वे भाषेत ‘मनिदूमिनेन्स’ म्हणतात, त्यात ‘मनिदू’ म्हणजे आत्मा. जमलं तर मिनेसोटातल्या मिल लॅक्स इंडियन म्युझियममध्ये खांद्यावरच्या मणीकामाच्या पिशव्या बघा.

प्रश्नकर्ती
बकरम नव्हतंच. एका वेळी किती मणी ओवायचे?

मेणदोरा
देठाला 6 ते 8, वळणावर 4. दोरा आधी मेणातून ओढा, गुंता कमी होतो.