शाळा सुटता सुटता राहिली, ती कशामुळे? (अनुभव लिहा)

नदीकाठ
आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठी परवा रात्री आम्ही दोघी बसलो होतो. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ झाले, म्हणूनच हा अर्ज भरला जात होता. नाहीतर बारावीनंतर तिने कुठेतरी दुकानात हिशेब लिहावा, हे घरात ठरल्यातच जमा होते. तिने उत्पन्नाचा दाखला धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून आणला होता. ती पिशवी पाहताच मला माझा एसटीचा पास आठवला, कारण तोही आईने अशाच पिशवीत घालून, वर रबर लावून दिला होता.

मी 2001 साली सातवी झाले. गावातली शाळा तिथेच संपत होती आणि पुढची शाळा 9 किलोमीटरवर होती. मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे हे वडिलांना ठाऊक होते. पण फी माफ असली तरी शाळेपर्यंत जावे तर लागते, आणि रोजच्या दोन तिकिटांचे पैसे त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास मिळतो, हे नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी घरी येऊन सांगितले. गाडीच्या वेळेचा प्रश्न मात्र उरलाच, कारण ती शाळा भरल्यावर वीस मिनिटांनी पोहोचत असे. तेव्हा आमच्या मार्गावरच्या अकरा मुलींसाठी सरांनी पहिला तास कार्यानुभवाचा करून टाकला. हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नव्हते. आठवी ते दहावी या तीन वर्षांत मला एकदाही प्रार्थना मिळाली नाही, एवढेच काय ते नुकसान.

आपापले अनुभव लिहावेत. योजना चांगली की वाईट, हा वाद येथे नको. ती नेमकी कोणत्या वळणावर मदतीला आली किंवा कोणत्या वळणावर हातची गेली, ते वाचायला आवडेल.

निवृत्त_गुरुजी
नदीकाठताई, तुमच्या मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांगावा. मी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि माझ्या डोळ्यांदेखत वर्गात सर्वांत मोठा फरक कशाने पडला असेल, तर तो खिचडीने.

1995 मध्ये मध्यान्ह भोजनाची योजना आली, तेव्हा शिजवलेले अन्न मिळत नव्हते. ज्याची हजेरी 80 टक्के भरेल, त्याच्या घरी महिन्याला 3 किलो तांदूळ जात असे. तांदूळ वाटपाच्या दिवशी वर्ग भरभरून वाहत असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा होत असे. तांदूळ घरी गेला की तो सगळ्या कुटुंबाचा होतो, त्यात शाळेत येणाऱ्या मुलाचा घास निराळा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे काही काळाने आमच्याकडे चूल पेटली. त्यानंतर मधल्या सुट्टीत घरी जाऊन परत न येणारी मुले दुपारीही वर्गात दिसू लागली. सोमवारी पातेले लवकर रिकामे होत असे. रविवार मध्ये येऊन गेलेला असतो, हे समजायला मला दोन वर्षे लागली.

एक गोष्ट कबूल करतो. त्या तांदळाच्या काळात एका मुलाची हजेरी 60 टक्क्यांच्या आसपास होती आणि मी ती वर्षभर 80 करून लिहीत होतो. आई आजारी असल्यामुळे तो धाकट्या बहिणीला सांभाळत घरी राहत असे. नियम करणाऱ्यांना हजेरी वाढवायची होती हे खरे. पण ज्या घराला तांदळाची सर्वाधिक गरज, त्याच घरातल्या मुलाची हजेरी कमी असणार, हे त्या अटीत कुठेच धरलेले नव्हते.

पाटीपेन्सिल
गुरुजी, चौकशी लागण्याची मुदत टळून गेली असावी, निर्धास्त राहा!

मला मिळाला तो उपस्थिती भत्ता. पहिली ते चौथीत शिकणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त कुटुंबांतील मुलींसाठी ही योजना 1992 मध्ये सुरू झाली आणि हजर दिवसाला 1 रुपया ठरला. त्यापूर्वी 75 वर्षे, म्हणजे 1917 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. त्या काळी तो रुपया पालकाला चांगलाच झोंबत असणार. आमच्या काळातल्या रुपयाने मात्र कोणाच्या घरचा निर्णय बदलला असेल, असे मला वाटत नाही. तरीही आईने ते पैसे दरवर्षी माझ्याच वह्यांसाठी वेगळे ठेवले. ते "पोरीचे सरकारी पैसे" होते, त्यामुळे घरात त्यांना कोणी हात लावत नसे. रक्कम तीच राहिली आणि वह्या महागत गेल्या, हा त्यातला दुसरा भाग.

पाचट
मी ऊसतोड मजुरांच्या टोळीतला मुलगा आहे. आई-बाबा एक कोयता, म्हणजे मिळून ऊस तोडणारी जोडी. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येत असे आणि ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिलपर्यंत, गावात फक्त म्हातारी माणसे उरत. दुसरी आणि तिसरी या दोन्ही वर्षांचा दुसरा सहामाही अभ्यासक्रम मला आजही येत नाही. भागाकार मी पुढे मोठेपणी शिकलो. गावच्या शाळेच्या पटावर माझे नाव होते आणि कारखान्याजवळच्या शाळेत मी कधीकधी मागे बसत असे, पण दोन्हीकडचे शिक्षक मला दुसरीकडचा समजत. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, अशी सोय असल्याचे नंतर वाचले. माझ्या खिशात ते कधी आले नाही.

चौथीपासून आमच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह म्हटल्यावर इमारत डोळ्यांसमोर येते, तसे ते नव्हते. मुलांनी आपल्याच घरी आजी-आजोबांजवळ राहायचे आणि दोन वेळचे जेवण शाळेत करायचे, एवढीच त्याची मांडणी होती. आजीला दिसत कमी होते आणि चुलीजवळ बसणे तिला जमत नसे, त्यामुळे आई मला मागे ठेवायला घाबरत होती. जेवणाची जबाबदारी शाळेने घेतली आणि तिची भीती गेली. माझे शिक्षण त्या एका कारणामुळे सलग झाले, हे मी कोणालाही ठामपणे सांगू शकतो.

आता उलट बाजू. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटाचा, आणि वसतिगृहाची यादीही त्याच हिशेबाने होत असे. माझी मोठी बहीण नववीत गेली, तेव्हा तिचे नाव यादीतून निघाले. मी लहान असल्यामुळे माझे राहिले. एकाच घरात, एकाच आजीजवळ, एका नातवाचे जेवण शाळेत आणि नातीचे मात्र कुठेच नाही, अशी ती स्थिती होती. खरे तर मुलीला मागे ठेवण्याची आईबाबांना सर्वांत जास्त धास्ती याच वयात वाटते. ती त्या वर्षी टोळीबरोबर गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मी जेवायला बसलो की हे अजून आठवते.

सोनचाफा
पाचटदादा, वाचून काही सुचेनासे झाले. पोळ्या करता करता वाचत होते, तवा बंद करून परत वाचले.

माझा अनुभव पालक म्हणून आहे. मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून सोडतीत खासगी शाळा मिळाली. फी लागली नाही. मात्र सहल, स्नेहसंमेलन आणि वेगवेगळे उपक्रम यांचे पैसे दर दोन महिन्यांनी मागितले जात, आणि वर्गात "ती मुले" असा शब्द रुळलेला होता. शाळेचे नाव लिहीत नाही. तरीही तेथील वाचनालयाने मुलाला जे दिले, ते मी देऊ शकले नसते. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या जागांतून सूट देणारा बदल झाला आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या काही महिन्यांत धाकटीच्या अर्जाचे काय होणार, या काळजीने मला झोप लागत नव्हती.

रानवाट
थोडे विषयाच्या कडेने विचारते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, ते बारावीसाठीही मिळतात का?

पाटीपेन्सिल
रानवाट, अकरावी-बारावीसाठीही ती योजना आहे, मात्र गुणांची, उत्पन्नाची आणि स्थानिक रहिवासी नसण्याची अट असते. समाजकल्याण कार्यालयात चालू वर्षाच्या अटी विचारून घ्या आणि खाते आधारशी जोडलेले आहे ना, ते आधी पाहा. माझ्या भाच्याचा हप्ता मंजूर होऊन केवळ तेवढ्यासाठी पाच महिने अडकला होता आणि तोपर्यंत खोलीचे भाडे आम्ही उसनवारीने भरले.

निवृत्त_गुरुजी
पाचट, तुमच्या बहिणीने पुढे काही शिक्षण घेतले का? नसल्यास आजही मार्ग आहे, म्हणून विचारतो.

पाचट
गुरुजी, ती दोन मुले झाल्यावर 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसली. गणितात एकदा राहिली, दुसऱ्यांदा सुटली. आता ती स्वतः हंगामी वसतिगृहात स्वयंपाक करते आणि नववीतल्या दोन मुलींना यादीत नाव नसतानाही जेवू घालते. तिचे गाव सांगणार नाही, कारण आपल्याकडे चौकशी कधी लागेल याचा नेम नाही.

नदीकाठ
सर्वांचे आभार. दिवसभर जमेल तसे वाचत होते. त्या मुलीचा अर्ज मात्र कागदपत्र तपासणीत मागे आला आहे: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले आहे. मुदत परवापर्यंत आहे, म्हणून उद्या सकाळी मी आणि मावशी सेतू केंद्रात जाणार आहोत. प्रतिज्ञापत्रावर भागेल की दाखलाच नवा काढावा लागेल, हे कोणाला अनुभवाने ठाऊक असल्यास कृपया आज रात्रीच लिहावे.