क्लॅरिनेट-व्हायोलिनच्या मींडीसाठी सॅम्पल लायब्ररी की मॉडेलिंगची वाद्यं?

तापीकाठ, जळगाव
राम राम मंडळी. श्रावणात कानबाईची दोन अहिराणी गाणी रेकॉर्ड करायची आहेत. गायन आणि ढोलकी प्रत्यक्ष होणार. क्लॅरिनेट, एकल व्हायोलिन आणि मागचा व्हायोलिनचा ताफा मात्र संगणकावर. सामान असं: कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरवर चालणारी सॅम्पल लायब्ररी (आधीच वाजवून ठेवलेल्या सुरांचा संच), ४९ कींचा मिडी कीबोर्ड, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप. सरळ, लांब सूर उत्तम येतात. गायिकेच्या ओळीमागून क्लॅरिनेटने तीच जागा (सुराची मुरड) घ्यायची म्हटलं, की पिच बेंडने, म्हणजे सूर वर-खाली ओढणाऱ्या चाकाने, सूर टेप ओढल्यासारखा होतो. मॉडव्हील (आवाजाचा जोर बदलणारं दुसरं चाक) सावकाश वर नेलं, तर मध्येच दोन क्लॅरिनेट वाजल्याचा भास होतो. म्हणून स्वॅम या मॉडेलिंगच्या, म्हणजे रेकॉर्डिंगऐवजी गणिताने आवाज घडवणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या क्लॅरिनेटचा डेमो टाकला, तर की दाबूनही आवाजच नाही. दोष कशात आहे? आणि मॉडेलिंगकडे जायचं तर पूर्ण जायचं का?

गिरणाथडी, चाळीसगाव
तापीकाठ भाऊ, दोन्ही खोडी सॅम्पलच्या घडणीतल्या आहेत, तुमच्या हाताच्या नाहीत.

सॅम्पल म्हणजे कुणीतरी एकदा वाजवून ठेवलेला सूर. पिच बेंडने तो चढवला की तेच रेकॉर्डिंग जास्त वेगाने फिरतं. सुरासोबत त्यातल्या कंपाचा वेग वाढतो आणि वाद्याच्या अंगाचा अनुनादही वर सरकतो. खऱ्या व्हायोलिनवर बोट कितीही सरकलं तरी लाकडी पेटी तीच असते. अर्ध्या सुरापर्यंत कान हे चालवून घेतो. ग वरून प पर्यंत मींड नेली की नाही. दोन क्लॅरिनेटचं कारण वेगळं. मॉडव्हीलखाली हलका, मध्यम, जोरकस असे स्वतंत्रपणे वाजवलेले थर असतात. एका थरातून दुसऱ्यात जाताना काही क्षण दोन्ही ऐकू येतात आणि त्यांच्या लहरी जुळत नाहीत. ताफ्यात हे झाकलं जातं, एकल वाद्यात उघडं पडतं. सॅम्पल मॉडेलिंग नावाच्या कंपनीने थरांच्या लहरी आधीच जुळवून या अडचणीतून वाट काढली. ऑडिओ मॉडेलिंगच्या स्वॅममध्ये आवाज त्या क्षणीच घडवला जातो, त्यामुळे थरांचा प्रश्नच उरत नाही. या विद्येची मुळं जुनी आहेत. कार्प्लस-स्ट्राँगचा तारेचा अल्गोरिदम १९८३ चा, आणि यामाहाचा फुंकरीवर चालणारा व्हीएल१ सिंथेसायझर १९९४ चा.

डेमो मुका राहतो, कारण या वाद्याला एक्स्प्रेशन, म्हणजे आवाजाच्या जोराचा सतत येणारा संदेश, लागतो. हार्मोनियमचा भाता न हलवता पट्टी दाबावी तसं ते आहे: कीने सूर ठरतो, वारा सीसी ११ (एक्स्प्रेशनचा मिडी नियंत्रक क्रमांक) कडून येतो. मिडी मॅपिंगच्या पानावर तुमचं मॉडव्हील, पेडल किंवा फुंकर कंट्रोलर (तोंडाने फुंकून चालवायचं साधन), जे असेल ते एक्स्प्रेशनला जोडा आणि एकदा हलवा. कंपाची खोली दुसऱ्या नियंत्रकाला द्या. क्लॅरिनेटला कंप नावापुरताच ठेवा.

मींडीसाठी आधी पिच बेंडला हात लावू नका. पहिली की सोडण्याआधी दुसरी दाबा आणि दुसरीची व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली त्याचा आकडा) २०-३० च्या आसपास ठेवा. सूर सरकत जाईल. तीच व्हेलॉसिटी ९० च्या पुढे गेली की बोट उचलून टाकल्यासारखा स्वच्छ सूर लागतो. म्हणजे मींडीचा वेग प्रत्येक सुराला वेगळा देता येतो, आणि मला तरी मॉडेलिंगचं खरं मोल इथेच वाटतं. पिच बेंड ±२ अर्धस्वरांवर ठेवून तो फक्त आंदोलनासाठी आणि कणस्वरासाठी वापरा. प्लगइन आणि कीबोर्ड दोन्हीकडे बेंडची मर्यादा एकच आहे ना, हे तपासा. नाहीतर सूर भलतीकडेच थांबतो.

रेकॉर्ड झाल्यावर सुरांना क्वांटाइझ करू नका. सूर ताल-रेषेला चिकटले की कींची गुंफण तुटते, आणि गुंफण तुटली की मींड जाते. नवीन माणसाचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

पांझराकाठ, धुळे
एकल वाद्यांबाबत गिरणाथडींचं सगळं मान्य. ताफ्यासाठी मात्र सॅम्पल सोडू नका, असं माझं ठाम मत आहे.

ताफ्याचा आवाज म्हणजे माणसं अधिक दालन. स्पिटफायरची बीबीसी सिंफनी लायब्ररी लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, तिच्या प्रत्येक सुरात त्या दालनाची हवा आहे. तिची डिस्कव्हर आवृत्ती मोफत आणि हलकी आहे, पण तिच्यात लिगाटो (एका सुरातून दुसऱ्यात अखंड जाणं) नाही. चालीची ओळ नव्हे, मागचा सुरांचा पट्टाच तिच्याकडून घ्या. मॉडेलिंगच्या एका व्हायोलिनच्या आठ प्रती केल्या आणि सगळ्यांना तोच मिडी (वाजवलेल्या कींची नोंद) दिला तर आठ माणसं होत नाहीत, पाइपातून आल्यासारखा पोकळ आवाज होतो. प्रत्येक प्रत वेगळी वाजवावी लागते. दोन-तीनपर्यंत ते जमतं, पुढे वेळ परवडत नाही.

सॅम्पलच्या ताफ्यात लोक नेहमी चुकतात ते असं. फक्त सीसी ११ खालीवर केला तर जोराचा गज हळू आवाजात ऐकू येतो. आवाजाची जात बदलायला सीसी १ (मॉडव्हील) लागतो. तो आधी लिहा, ११ फक्त शेवटच्या सफाईला ठेवा. १६ जणांच्या पॅचवर तीन सुरांचा कॉर्ड दाबला की ४८ जण वाजू लागतात आणि गाणं दबतं. आपल्या गाण्यांत ताफा बहुधा एकाच ओळीवर असतो. वरच्या आणि खालच्या सप्तकात तीच ओळ दिली की पुरे. लिगाटोला उशीरही असतो. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज या लायब्ररीत हळू, मध्यम आणि जलद संक्रमणाला अनुक्रमे ३३३, २५० आणि १०० मिलिसेकंद लागतात. व्हेलॉसिटीनुसार उशीर बदलत असल्याने अख्खा ट्रॅक एका आकड्याने मागे ओढून भागत नाही, सुरांचे गट करून तेवढे तेवढे अलीकडे घ्या.

ताफ्यालाही मींड हवी असेल तर सॅम्पलवर ती ओढू नका. त्याच ओळीवर मॉडेलिंगचं एक व्हायोलिन वाजवा आणि ताफ्यापेक्षा ८-१० डेसिबल खाली ठेवा. कान मींड त्या एकाकडून घेतो आणि भरणा ताफ्याकडून.

तापीकाठ, जळगाव
दोघांचेही आभार. मॉडव्हील जोडलं, क्लॅरिनेट बोलू लागलं. आता दोन शंका. फुंकर कंट्रोलर घ्यावा की पेडल? आणि बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांनी हाताळतो त्यांचा आकार) १२८ वर ठेवला की तासाभराने आवाज तडतडतो, सुरुवातीला मात्र नीट चालतं. का?

सातपुडा७२, नंदुरबार
क्लॅरिनेटला फुंकर, व्हायोलिनला पेडल. एकच घ्यायचं असेल तर फुंकर. सुराची सुरुवात, फुगवणं आणि शेवट हे तिन्ही श्वासाने जसं होतं तसं चाकाने होत नाही. यूएसबीवर चालणारा टीईकंट्रोल कंपनीचा बीबीसी२ कंट्रोलर फुंकरीबरोबर चावा आणि मानेची हालचालही पाठवतो, कंप तिथे जोडता येतो. फुंकर बहुधा सीसी २ वर येते, ती मॅपिंगमध्ये एक्स्प्रेशनला द्या. मग श्वासाला कोणता आकडा यावा तो वक्र जुळवा: साधारण बोलण्याइतक्या श्वासाला आकडा ६०-७० यावा. नाहीतर जोर लावून लावून अंतऱ्यापर्यंत दम संपतो. मऊ सुरुवात हवी तर आधी की, मग फुंकर. ठसठशीत हवी तर उलट. पेडल घेतलं तर तारजोडणी बघा. रोलँडच्या ईव्ही-५ आणि यामाहाच्या एफसी-७ ची वेगळी आहे. न जुळणारं जोडलं तर आकडा पूर्ण पल्ला फिरत नाही किंवा मध्येच उडी मारतो.

तडतड उष्णतेची दिसते. सॅम्पल रॅम आणि डिस्क खातात, मॉडेलिंग प्रोसेसर खातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. वीज जाऊन बॅटरीवर आला तरी तेच. लॅपटॉप खालून उचलून ठेवा, पॉवर प्लॅन बॅटरीवरही पूर्ण क्षमतेचा करा. ४८ किलोहर्ट्झला १२८ चा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद आणि २५६ म्हणजे ५.३. इतक्या फरकाने वाजवताना काही अडत नाही, तेव्हा खुशाल २५६ करा. ताफा आधी ऑडिओ करून गोठवा आणि वाजवताना एकच मॉडेलिंग वाद्य चालू ठेवा. कॉन्टॅक्टमध्ये न लागणारी सॅम्पल पर्ज केली की रॅमही मोकळी होते.

एक गोष्ट वर राहून गेली. मॉडेलिंगचा आवाज कोरडा येतो, ताफा दालनातला. दोन्ही शेजारी ठेवले की क्लॅरिनेट कानाशी आणि ताफा लांब वाटतो. थेट लांब रिव्हर्ब (दालनातली घुमण) लावू नका. आधी लहान खोलीचं कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, अर्ध्या सेकंदाच्या आतलं. त्यानंतर ताफ्याच्या दालनाशी जुळणारं लांब, दोन्हींना मिळून एकच. मॉडेलिंगचं व्हायोलिन २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये टोचतं, तिथे २-३ डेसिबल कमी करा.

आणि क्लॅरिनेट गायिकेचा अंतिम टेक हाती आल्यावरच वाजवा. कच्च्या गायनावर घेतलेली मींड अंतिम गायनात वेगात जुळत नाही, आणि वक्र ओढून ती जुळवण्यापेक्षा पुन्हा वाजवणं लवकर होतं.